रंधा मशीन दोन पावसाळे बंद राहणार असेल तर ताडपत्रीत गुंडाळू नका

जांबोटीचा सुतार: आमच्याकडची पोरं गोव्याला, पुण्याला कामाला जातात. जाताना वर्कशॉपला कुलूप आणि मशीनला प्लास्टिकची ताडपत्री, दोरीनं करकचून. बेळगावच्या खानापूर भागात हे मशीन गंजवायचंच काम आहे. दमट हवा थंड बिडाच्या टेबलाला लागली की पाणी धरतं, आणि ताडपत्रीखालची ओल बाहेर जाणार कुठून? भुसा कोपऱ्याकोपऱ्यातून काढा, तो ओल सोडत नाही. टेबलाला ग्रीसचा हात द्या, वर जुनी सुती चादर. बास.

निपाणीवाला: तसं नव्हे ओ काका. चादर ओली झाली की टेबलाला चिकटूनच बसणार. आमच्याकडं तुमच्याएवढा पाऊस नाही, तरी कौलं गळतात. गळतं त्याच्यावर ताडपत्रीच लागते.

जांबोटीचा सुतार: निपाणीचा पाऊस आणि आमच्या कणकुंबीचा पाऊस एकाच मापानं मोजू नका. इकडं आषाढात भिंतीलासुद्धा बुरशी येते.

उद्यमबागचा फिटर: वरच्या कापडावर कशाला भांडताय? गंज थांबतो तो लोखंडावरच्या थरानं. पोरं डब्ल्यूडी-४० मारून मोकळी होतात. ते मुळात पाणी हटवायला केलेलं, थर पातळ, दोन पावसाळे कुठलं टिकतंय! गंजरोधक तेल मिळतं, ते लावा, नाहीतर घट्ट ग्रीस. पाती काढून वेगळी ठेवा, बेल्ट ढिला सोडा, बॅटरीच्या ड्रिलची बॅटरी अर्धी चार्ज करून काढून ठेवा. आणि मधूनमधून शाफ्ट हातानं फिरवा, म्हणजे बेअरिंगच्या गोळ्या एकाच जागी दाबून राहत नाहीत.

जांबोटीचा सुतार: फिरवायला घरात माणूस असता तर कुलूप कशाला लावलं असतं?

हलशीकडची: म्हणूनच म्हणते, ओळखीच्या सुताराला वापरायला द्या. चालती मशीन गंजत नाही.

निपाणीवाला: ताई, दिलेली मशीन परत येते ती पात्याला दाते पडून, नाहीतर येतच नाही.

हलशीकडची: मग निदान हत्यारांकडं तरी बघा. खंडेनवमीला पटाश्यांना ओलं हळदीकुंकू लावायचं आणि तशीच पेटी बंद करायची, हे घरोघरी चालतं. पूजा झाली की पुसून, वाळवून, तेल लावून ठेवा. लाकडी रंध्याची पाचरही थोडी ढिली करा, नाहीतर लाकडावर ताण राहतो. आमच्याकडं पटाशीला खोबरेलच लावतात.

उद्यमबागचा फिटर: खोबरेल वर्ष-दोन वर्षं ठेवलं की खवट होतं. हत्यारांना मशीनचं तेल लावा. आणि आल्यावर एकदम बटण दाबू नका. आधी मोटर मेगरवर, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या यंत्रावर, तपासा. वाइंडिंगला, म्हणजे आतल्या तारेच्या गुंडाळीला, ओल असली आणि वीज सोडली तर मोटर जळायला वेळ लागत नाही.

जांबोटीचा सुतार: कुंकवाचं आणि मेगरचं पटलं. ताडपत्रीचं नाही. कौलं गळतात ना? मग ताडपत्री मशीनच्या वर, वाशांना मांडवासारखी बांधा. पाणी अडेल आणि खालून वाराही फिरेल.

निपाणीवाला: हे चालेल की. पण उंदीर? ताडपत्रीला दोरी बांधतो ती त्यांच्यासाठीच.

उद्यमबागचा फिटर: दोरीला उंदीर कधी अडलाय? स्टार्टरच्या डब्यात केबल शिरते तिथलं भोक बुजवा, आत तेवढ्याच वाटेनं जातात.