थॉमस डॉल्बीचा पहिला अल्बम: कुठली आवृत्ती घेऊ?

पाऊसवेडी
ब्रिटिश गायक थॉमस डॉल्बीचं 'शी ब्लाइंडेड मी विथ सायन्स' हे गाणं मला फार आवडतं. म्हणून त्याचा पहिला अल्बम 'द गोल्डन एज ऑफ वायरलेस' (1982) घ्यायचाय. पण जिथे बघावं तिथे गाण्यांची यादी वेगळी! कुठली आवृत्ती घेऊ? आणि बाकीची गाणीही अशीच आहेत का? बजेट टपालखर्च धरून 1500 रुपये. बाबांच्या जुन्या सिस्टीमवर सीडी, कॅसेट दोन्ही वाजतं. टर्नटेबल नाही आणि घ्यायचाही नाही. राहते कर्वेनगरला.

टेपडेक
टर्नटेबल घ्याच. 20-22 हजारांत चांगला येतो. माझ्याकडे 1982 ची ब्रिटिश एलपी आहे, पुण्यात अजून कोणाकडे असेल असं वाटत नाही. 'विंडपॉवर'च्या शेवटी यंत्रांचा ठेका थांबतो आणि बीबीसीच्या निवेदकाचा आवाज येतो. एलपीची पहिली बाजू तिथेच संपते. उठून बाजू पालटेपर्यंत जी शांतता मिळते, ती सीडीवर नाही.

सुरपेटी
टेपडेक, त्यांनी टर्नटेबल नको म्हणून स्पष्ट लिहिलंय.
पाऊसवेडी, यादीचा घोळ असा आहे. तुमचं आवडतं गाणं मूळ ब्रिटिश अल्बमवर नव्हतंच. ते नंतर सिंगल म्हणून, म्हणजे सुटं गाणं म्हणून आलं, अमेरिकेत लोकप्रिय गाण्यांच्या यादीत 5 व्या क्रमांकापर्यंत गेलं. मग 1983 मध्ये कंपनीने तेच पहिलं गाणं करून अल्बम पुन्हा काढला. त्यात 'वन ऑफ अवर सबमरीन्स' आलं आणि 'द रेक ऑफ द फेअरचाइल्ड' गेलं. त्याआधीच्या अमेरिकन आवृत्तीत 'अर्जेस' आणि 'लाइपझिग' होती, ती वेगळीच. 2009 च्या सीडीवर मूळ क्रम आहे, बाकीची गाणी पुढे जोडलीत, सोबत डीव्हीडी. तीच घ्या. नवी 1500 त बसणार नाही, वापरलेली शोधा.

नळस्टॉप
याला सिंथ-पॉप (सिंथेसायझरवर उभं असलेलं पॉप) म्हणणंच मला पटत नाही. 'युरोपा अँड द पायरेट ट्विन्स'मध्ये एक्सटीसी या बँडच्या अँडी पार्ट्रिजने माउथ ऑर्गन वाजवलाय. ठेका मशीनचा आणि त्यावर माउथ ऑर्गन! मॅग्नस पाइक हा टीव्हीवरचा शास्त्रज्ञ ज्यात 'सायन्स!' ओरडतो, त्या तुमच्या आवडत्या गाण्यात चक्क नाचऱ्या ठेक्याचं फंक आहे. 'एअरवेव्ज' तर सिंथ काढून घेतला तरी नुसत्या पियानोवर उभं राहील.

सुरपेटी
असहमत. सगळं मिसळूनही मुळाशी सिंथच आहे. 'फ्लाइंग नॉर्थ' हेडफोनवर ऐका, मग बोलू.

भाऊ_बुधवार
टपालाने मागवू नका. मी परदेशातून मागवलेली एक एलपी वाकलेली आली, वर कस्टमचे पैसे वेगळे. रविवारी नाहीतर बुधवारी जुन्या बाजारात सकाळी लवकर जा. मात्र कव्हरमधली तबकडी बाहेर काढून नाव वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. मला एकाने इंग्रजी कव्हरात नाट्यगीतं घालून दिली होती.

टेपडेक
भाऊ, जुन्या बाजारात हा अल्बम मिळणं अशक्य आहे.

भाऊ_बुधवार
तुम्ही शेवटचे कधी गेला होतात तिकडे?

मंगळवारची_मैना
2009 ची सीडी घ्या, त्यात सगळी गाणी आहेत.
जाता जाता: डॉल्बी त्याचं खरं आडनाव नाही, तो रॉबर्टसन. शाळेत टेपशी सारखा खेळायचा म्हणून मित्रांनी ठेवलेलं नाव. पुढे डॉल्बी लॅबोरेटरीजने त्यावर हरकतही घेतली होती.

नळस्टॉप
आणि नोकियाच्या फोनवर रिंगटोन वाजवणारं तंत्र त्याच्याच बीटनिक कंपनीचं. माझा 3310 अजून चालू आहे.

सुरपेटी
3310 मध्ये ते नव्हतं. त्यानंतरच्या, एकाच वेळी अनेक सूर वाजवणाऱ्या मॉडेल्समध्ये आलं.

अंगणातली_चाफा
मी वेगळं सांगते. या अल्बमकडून तुम्ही 'सायन्स'सारखी मजा अपेक्षित धरली तर हिरमुसाल. बाकीची गाणी उदास आहेत: रेडिओ, विमानं, युद्धाची सावली, दुरावलेली माणसं. 'सबमरीन्स'मागे त्याच्या पाणबुडीत गेलेल्या नातलगाची गोष्ट आहे. मला म्हणूनच ती जवळची वाटतात. 'क्लाउडबर्स्ट अ‍ॅट शिंगल स्ट्रीट'मध्ये शेवटी आवाजांवर आवाज चढत जातात, ते मोठ्याने ऐका. 'कमर्शियल ब्रेकअप' मात्र मला कधीच झेपलं नाही. आवृत्ती म्हणाल तर मूळ क्रमच हवा. 'सायन्स' सुरुवातीला लागलं की पुढचं सगळं संथ वाटायला लागतं.

टेपडेक
हेच मी म्हणत होतो. मूळ क्रम, म्हणजे एलपी.

पाऊसवेडी
सगळ्यांचे मनापासून आभार. चाफा, तुमचं वाचून अल्बम घ्यायचाच हे पक्कं झालं. पण सीडीही घेतली नाही आणि एलपीही नाही. कॅम्पातल्या एका काकांकडे 1983 च्या क्रमाची परदेशी कॅसेट मिळाली, 400 रुपयांना. हो, 'सायन्स' पहिलंच आहे आणि मला ते पहिलंच हवं होतं. त्यानंतर 'रेडिओ सायलेन्स', 'एअरवेव्ज'. मला तरी कुठे संथ वाटलं नाही, 'एअरवेव्ज' तर परत मागे नेऊन ऐकलं. दुसऱ्या बाजूला मात्र आवाज लहरतोय. बेल्ट सैल झाला असेल. तपकीर गल्लीत डेकचा बेल्ट बदलून देणारं कोणी आहे का अजून?

भाऊ_बुधवार
आहे, नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. जुना बेल्ट सोबत न्या, मापाला लागेल.

टेपडेक
कॅसेटपेक्षा टर्नटेबल परवडला असता.