अ‍ॅक्शनपटाला कथा लागत नाही, हे कोणी ठरवले?

कथाग्रही
काल येथे एका सदस्याने लिहिले की, अ‍ॅक्शनपटात दृश्यशैली हाच आशय असतो आणि ज्याला कथा हवी त्याने कादंबरी वाचावी. हे वाचून गप्प बसवेना. झॅक स्नायडर यांचा ‘सकर पंच’ (२०११) घ्या. महाकाय सामुराई, पहिल्या महायुद्धातले खंदक, ड्रॅगन, धावत्या रेल्वेतले यंत्रमानव, सारे काही त्यात आहे आणि सारे देखणे आहे. परंतु या लढाया नायिकेच्या कल्पनेत घडतात आणि तिथे हरल्यास तिचे नेमके काय बिघडेल, हे दिग्दर्शक नीट सांगत नाही. ज्या लढाईत गमावण्यासारखे काही नाही, तिच्याकडे किती वेळ पाहायचे?

संकलनमेज
तुम्ही सोयीचे उदाहरण निवडले आहे. त्याच दिग्दर्शकाच्या ‘३००’मध्ये स्पार्टाचा राजा लिओनायडस शत्रूंना कापत पुढे जातो, तो दीर्घ शॉट आठवा. गती मध्येच मंदावते, पुन्हा वाढते, आणि भाला कुठून आला, तलवार कुठे लागली, हे प्रत्येक क्षणी कळते. कथा म्हणाल तर एवढीच, की मूठभर योद्धे खिंड अडवून उभे राहतात. जॉर्ज मिलर यांच्या ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’मध्ये (२०१५) तर माणसे वाळवंटात पळतात आणि मागे फिरतात. त्याला मिळालेली ६ ऑस्कर काय पटकथेची होती?

कथाग्रही
‘फ्युरी रोड’ तुमच्या बाजूने उभा करू नका. आरंभी मॅक्सला बांधून त्याचे रक्त काढले जाते. अखेरीस तोच स्वतःहून नायिका फ्युरिओसाला रक्त देतो आणि तेव्हा कुठे आपले नाव सांगतो. ही कथाच आहे, फक्त ती संवादांतून सांगितलेली नाही.

स्थिरकॅमेरा
तुम्ही दोघेही मूळ रोगाला हात घालत नाही. खरा अपराध हलत्या कॅमेऱ्याचा आहे. पॉल ग्रीनग्रास यांच्या ‘द बोर्न अल्टिमेटम’ला (२००७) संकलनाचे ऑस्कर मिळाले, पण माझी बहीण डोके धरून मध्यंतराआधीच बाहेर गेली आणि पुन्हा आत आली नाही. त्यानंतर ज्याला हाणामारी चित्रित करता येत नाही तो कॅमेरा हलवू लागला आणि क्षणाक्षणाला कट मारू लागला, म्हणजे एका शॉटवरून दुसऱ्यावर उडी घेऊ लागला.

संकलनमेज
कट मारणाऱ्यांवर घसरण्यापूर्वी त्यांच्यापुढे काय येऊन पडते ते पाहा. मी संकलनकक्षात काम केले आहे. एकदा अशी मारामारी आमच्याकडे आली की, नटाचा ठोसा समोरच्यापासून हातभर दूर राहत होता, कारण तालमीला दिवसच दिले नव्हते. ‘तुम्ही लपवा,’ एवढाच आदेश मिळाला. आम्ही लपवले आणि शिव्याही आम्हीच खाल्ल्या. ‘फ्युरी रोड’मध्ये सुमारे २,७०० कट आहेत, तरी प्रेक्षक हरवत नाही, कारण छायालेखक जॉन सील यांनी पाहण्याची वस्तू फ्रेमच्या मध्यभागी ठेवली आणि संकलक मार्गारेट सिक्सेल यांना जोडण्याजोगे चित्रण मिळाले. दोष कटांच्या संख्येत नाही.

स्थिरकॅमेरा
तुमच्यावर अन्याय झाला, हे मान्य. पण त्याची शिक्षा आमच्या डोळ्यांना का? नटाला शिकवावे. ‘जॉन विक’चे दिग्दर्शक चॅड स्टाहेल्स्की स्वतः स्टंटमन होते, ‘द मेट्रिक्स’मध्ये कियानू रीव्ह्ज यांच्या जागी उभे राहत असत, म्हणूनच त्या चित्रपटात (२०१४) माणूस डोक्यापासून पायापर्यंत लढताना दिसतो. जॉन वू यांनी ‘हार्ड बॉइल्ड’मध्ये (१९९२) रुग्णालयातला गोळीबार अडीच मिनिटांहून अधिक काळ एकही कट न मारता दाखवला.

कथाग्रही
त्या शॉटमध्ये काय घडते, तेही सांगा. गोळ्या झाडत निघालेल्या दोन नायकांपैकी एकाच्या गोळीने चुकून एक पोलीस मरतो, दोघे लिफ्टमध्ये शिरतात आणि बाहेर पडताच पुन्हा गोळ्या झाडू लागतात. कट नसल्यामुळे त्या माणसाला पश्चात्तापासाठी लिफ्टपुरतीच सवड मिळते आणि आपल्यालाही. शैलीला माझा विरोध नाही. जिला पात्राच्या सुखदुःखाशी देणेघेणे नाही, त्या शैलीला आहे.

संकलनमेज
हे आधीच लिहिले असते, तर इतका वाद झाला नसता. ‘सकर पंच’ मी सोडून देतो, कारण तो मलाही दुसऱ्यांदा पाहवला नाही. ‘३००’ मात्र सोडणार नाही.