पिवळं पडलेलं लिंबू-मोसंबीचं झाड: पीसीआर की डोळ्यांवर भरवसा?

पंचगंगाकाठ:
उसाच्या बांधावरचं लिंबू-मोसंबीचं झाड पिवळं पडलं की कृषी सेवा केंद्रात पान दाखवायचं आणि झिंकची पुडी घेऊन यायचं, हेच चाललंय. माझं स्पष्ट मत आहे: पीसीआर, म्हणजे डीएनए शोधणारी प्रयोगशाळेतली चाचणी, केल्याशिवाय अशा झाडाला औषधही घालू नये आणि कुऱ्हाडही लावू नये. पिवळेपणामागं झिंकची कमतरता नसून ग्रीनिंग हा रोगही असू शकतो. त्याचा जिवाणू झाडाच्या अन्नरस वाहणाऱ्या नळ्यांत राहतो, इतर जिवाणूंसारखा प्रयोगशाळेत बशीत वाढवता येत नाही. त्यामुळं त्याचा डीएनए शोधणं हाच खात्रीचा मार्ग. लागण झालेलं झाड बरं होत नाही, मग पुड्या कशाला ओतायच्या?

दादा_शिरोळ:
भावा, झिंक कमी असलं तर शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग दोन्हीकडं सारखाच पिवळा पडतो. ग्रीनिंगचं पान मधल्या शिरेवर दुमडून बघ, डावीकडचे डाग उजवीकडच्यांवर बसत नाहीत. याला पैसे पडत नाहीत. बांधावरच्या चार झाडांसाठी नमुने धाडत बसलास तर निकाल येईस्तोवर सायला कीड रोग शेजारी घेऊन गेलेली असते. संशय आला की झाड काढायचं.

पंचगंगाकाठ:
दादा, लक्षणं दिसायलाच कित्येक महिने जातात, कधी वर्षंही. तोवर सायला त्याच झाडावरून रोग उचलत असते. शिवाय ग्रीनिंगच्या झाडाला झिंकही कमी पडतं, तिथं डोळा फसणारच. कोल्हापुरात विद्यापीठ आहे, कृषी महाविद्यालय आहे. नमुने घ्यायची सोय इथंच व्हायला पाहिजे.

प्रयोगशाळेतून:
पीसीआर हे माझं रोजचं काम, तरी त्याच्यावर आंधळा विश्वास नको. हा जिवाणू झाडात सगळीकडं सारखा नसतो. एका फांदीचा नमुना निगेटिव्ह आला म्हणून झाड निरोगी ठरत नाही. चारी बाजूंची जून, डागाळलेली पानं देठासकट द्या. आम्हाला देठ आणि मधली शीरच लागते. लोक ओला शेंडा प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून पाठवतात, तो वाटेतच कुजतो. पानातले चिकट घटक डीएनएसोबत आले तर अभिक्रिया अडते. म्हणून झाडाचा स्वतःचा एक जनुकही सोबत तपासतो. तोच दिसला नाही तर त्या निकालाला अर्थ नाही, चाचणी पुन्हा करावी लागते.

दादा_शिरोळ:
म्हणजे निगेटिव्ह आलं तरी शंका राहतेच!

प्रयोगशाळेतून:
राहते. पण नीट केलेल्या चाचणीत पॉझिटिव्ह आलं तर झिंकचा वाद तिथंच मिटतो.

पंचगंगाकाठ:
खरी तपासणी रोपवाटिकेत हवी. मोसंबीचं कलम बांधताना डोळा (फांदीवरची कळी) रोगट झाडावरून भरला तर रोग रोपासोबतच घरी येतो. उसात गवताळ वाढीचा रोग नको म्हणून बेण्याला ५४ अंशांच्या उष्ण हवेची प्रक्रिया देतात, बेणे मळा वेगळा राखतात. फळझाडालाच ही काळजी का नाही? मातृवृक्षाचा, म्हणजे ज्यावरून डोळे घेतात त्या झाडाचा अहवाल, तारखेसकट, रोपवाटिकेच्या दारात लावा.

दादा_शिरोळ:
मोसंबीचं पटतंय. पण कागदी लिंबू बियांचं असतं आणि बियांतून हा रोग सहसा येत नाही. तिथं उघड्यावरच्या रोपांना सायला लागते. त्याला अहवाल काय करणार? जाळी मारा.

रोपवाटिका_कागल:
जाळी आहे. मातृवृक्षही दरवर्षी तपासून घेईन, पण खर्च रोपाच्या दरात धरावा लागेल. गिऱ्हाईक देईल का?

पंचगंगाकाठ:
मी देईन.

दादा_शिरोळ:
मोसंबीला देईन. लिंबाला नाही.