१८ गाईंचा मुक्तसंचार गोठा: गोबरगॅसवर जनरेटर घ्यावा का?

डाळिंब_आणि_दूध (संगमनेर)

राम राम मंडळी. आमच्याकडे लहानमोठ्या धरून १८ एचएफ (होल्स्टीन) गाई, शिवाय काही कालवडी. गोठा मुक्तसंचार. शेण आजवर उकिरड्यावर जातं, तिथून डाळिंबाला, उरलं तर ट्रॉलीच्या भावाने विकतो.

गेल्या महिन्यात एक एजंट गोठ्यावर येऊन गेला. म्हणे पंधरा घनमीटरचा गोबरगॅस बसवा, सोबत जनरेटर घ्या, मिल्किंग मशीन आणि कडबाकुट्टी फुकटात चालवा. हिशेब त्याने जागेवरच मांडला: एका गाईचं शेण २२ किलो, १८ गाईंचं चारशे किलो, म्हणजे १६ घनमीटर गॅस, म्हणजे २४ युनिट वीज. कोटेशन बघून वडील म्हणाले, एवढ्यात दोन दुभत्या गाई दावणीला येतील.

पण पहाटेच्या धारेला लाईट गेली की आमचे काय हाल होतात ते आम्हालाच माहीत. बायको आणि मी हाताने पिळत बसतो आणि तिकडे डेअरीची गाडी हॉर्न मारत उभी. म्हणून एजंटचं बोलणं डोक्यातून जात नाही. ज्यांनी चालवलंय त्यांनी सांगा. हिशेब बरोबर आहे का? आणि मुक्तसंचार गोठ्यावर हे जमतं का?

जुना_गोठेवाला (नेवासे)

एजंटचा गुणाकार बरोबर आहे. पहिला आकडा मात्र तुमच्या गोठ्यातला नाही.

किलोभर ताज्या शेणातून साधारण चाळीस लिटर गॅस निघतो, म्हणजे २५ किलोला एक घनमीटर. एचएफ गाय दिवसाला वीस-बावीस किलो टाकते, हेही खरं. पण ती टाकते कुठे? मुक्तसंचारात निम्मं शेण मोकळ्या आवारात पडतं, उन्हाने वाळतं, खुरांखाली मातीत मिसळतं. वाळलेल्या शेणातून गॅस फार कमी निघतो. मातीचं तर विचारूच नका. ती टाकीच्या तळाशी बसते आणि वर्षागणिक टाकी लहान होत जाते. मग लोक म्हणतात, पहिली दोन वर्षं चांगला चालला, नंतर काय झालं कोण जाणे. काय होणार, निम्म्या टाकीत वाळू!

तेव्हा कोटेशन बाजूला ठेवा आणि आठवडाभर फक्त गव्हाणीसमोरच्या कोब्यावरचं आणि धारेच्या जागेचं शेण घमेल्याने मोजा. ते तुमचं खरं भांडवल. आवारातलं जसं जातं तसं उकिरड्यावर जाऊ द्या, डाळिंबाला ते लागणारच आहे.

आता विजेचं. माझा या विजेशी जुना वाद आहे, त्यामुळे थोडं कडू वाटेल. घनमीटरभर गॅसमधून दीड युनिट निघतं ते चांगल्या, मोठ्या इंजिनावर. तुम्हाला जे छोटं इंजिन देतील त्यावर एक युनिट पडलं तरी नशीब. बाकीचा गॅस इंजिन तापवण्यात जातो. तुमची गरज किती? दोन एचपीचं मशीन दोन्ही वेळची धार मिळून तीन तास, म्हणजे साडेचार युनिट. तीन एचपीची कडबाकुट्टी तासभर, म्हणजे सव्वादोन. झाले सात युनिट. सात युनिटचं बिल किती येतं ते काढा आणि जनरेटरच्या किमतीशेजारी मांडून बघा. शिवाय मोटर सुरू होताना चालू करंटच्या कित्येक पट ओढते, म्हणून दोन एचपीसाठीही जनरेटर मोठाच घ्यावा लागतो. रोज तीन तास चालायला एवढं मोठं यंत्र.

आणि गॅस स्वच्छ नसतो. शंभरातला ५५ ते ६० भाग मिथेन, उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड, सोबत थोडा हायड्रोजन सल्फाइड. कुजक्या अंड्याचा वास येतो तो हाच. शेगडीला त्याने फार बिघडत नाही, इंजिनाला खातो. मध्ये लोखंडी किसाचा फिल्टर लावतात आणि तो कीस वेळच्या वेळी बदलावा लागतो. लेथवाल्याकडे कीस फुकट मिळतो, पण बदलायला माणूस लागतो. पहाटे चार वाजता तो माणूस तुम्हीच असणार.

लाईट गेल्यावरची अडचण खरी आहे, मान्य. तिच्यासाठी मशीनला पेट्रोल इंजिनाचा पट्टा जोडून घ्या. महिन्यातून चार वेळा लागेल, दोन लिटर पेट्रोलचं काम.

गॅस जाळावा तो उष्णतेसाठी. घनमीटरभर गॅस म्हणजे साडेचारशे ग्रॅम एलपीजी. सहा घनमीटर रोज निघाला तर पाच-सव्वापाच दिवसांत १४.२ किलोचं एक सिलिंडर झालं. पाच-सहा माणसांच्या स्वयंपाकाला दीड घनमीटर पुरतो. मिल्किंग मशीन धुवायला कढत पाणी लागतं, ते तुम्ही आज कशावर तापवता? शंभर लिटर पाणी धुण्याइतकं तापवायला दोन घनमीटर लागतो. गार पाण्याने मशीन विसळणारे पुष्कळ पाहिलेत, मग दूध फाटलं की डेअरीच्या नावाने बोटं मोडतात.

उरलेल्या गॅसवर आम्ही खवा करतो. पाच लिटर दूध आटवायला घनमीटरभर गॅस धरा. गाईच्या दुधाचा खवा म्हशीच्या दुधाएवढा उतरत नाही, पाच लिटरला नऊशे ग्रॅमच्या आसपास, आणि रवाळही तसा येत नाही. पण दुधाचा भाव पडतो त्या दिवसांत किंवा गाडी चुकली त्या दिवशी हीच कढई घर चालवते. खव्याच्या धंद्यात दुधाच्या खालोखाल जळणाचाच खर्च, आणि इथे जळण तुमच्या गव्हाणीसमोर पडलेलं असतं.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. टाकीत किंवा स्लरीच्या (गॅस निघाल्यावर बाहेर येणाऱ्या पातळ शेणाच्या) खड्ड्यात कुणीही, कधीही, कशासाठीही उतरायचं नाही. २०२४ च्या गुढीपाडव्याला आमच्या तालुक्यात वाकडीला शेणाच्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. ते काढायला एक उतरला, त्याला काढायला दुसरा, असे पाच जण जिवानिशी गेले. त्या गॅसात दोन श्वासांत माणूस खाली बसतो, ओरडायलाही सवड मिळत नाही. टाकी उपसायची वेळ आली तर पंप लावा. स्लरीच्या खड्ड्याला कुंपण पहिल्या दिवसापासून हवं.

बारामती_६०

काकांशी बरंचसं सहमत, पण जनरेटरला सरसकट नाही म्हणू नका. आमच्याकडे ६० गाई, बांधीव गोठा, खाली कोबा, त्यामुळे शेण सगळं हाती येतं. वीज आम्हाला परवडते याचं कारण बल्क कूलर, म्हणजे दूध थंड ठेवायची मोठी टाकी. तो दिवसातून कितीतरी तास चालतो आणि तेवढे तास इंजिनावर लोड राहतो. इंजिन रिकामं उभं राहिलं की तोट्यात गेलंच समजा. ऑईल डिझेल इंजिनापेक्षा लवकर काळं पडतं आणि लवकर बदलावं लागतं, ते खर्चात धरा. तुमचं दूध गाडीने थेट जातं, कूलर नाही, म्हणजे हे गणित तुमचं नव्हे.

आणखी एक. स्तनदाहाच्या गाईला अँटिबायोटिकचा कोर्स चालू असेल तर तेवढे दिवस तिचं शेण टाकीत घालू नका. फिनेलचं पाणीही नको. आत जिवाणू आहेत, ते मेले की गॅस बसतो.

पाखरू_आत्ता_इथे

एवढी कटकट कशाला? शेण विका! गुजरातमध्ये बनास डेअरीने डीसाजवळ दामा गावात बायो-सीएनजीचा प्लांट टाकलाय. रोज ४० टन शेण घेतात, शेतकऱ्याला किलोमागे एक रुपया देतात, त्याच गॅसवर गाड्या धावतात. आपले दूध संघ काय करतायत?

जुना_गोठेवाला (नेवासे)

पाखरूभाऊ, कल्पना चांगली. पण तिथे संघाची गाडी दारात येऊन शेण नेते, आणि गावं जवळजवळ आहेत. शेणात ऐंशी टक्के पाणी असतं. लांबून आणायचं म्हणजे डिझेल जाळून पाणी वाहायचं. आपल्याकडे कुणी तशी गाडी सुरू केली तर मीही देईन. पण डाळिंबवाल्याने एक रुपयाने शेण विकून तीनपट भावाने खताची गोणी आणावी का, हा प्रश्न राहतोच. गोबरगॅसमधून शेण जात नाही, फक्त त्यातला गॅस जातो. नत्र, स्फुरद, पालाश स्लरीत तसंच राहतं.

गडहिंग्लजची_सून

दादा, स्वयंपाक मी करते म्हणून माझंही ऐका. कोटेशनमध्ये शेगडी कोणती आहे ते बघा. एलपीजीच्या शेगडीवर हा गॅस नीट पेटत नाही, कारण दाब कमी असतो आणि जेटचं भोक बारीक पडतं. गोबरगॅसची वेगळी शेगडी येते, तीच घ्या. पाईपला स्वयंपाकघरापासून टाकीकडे उतार ठेवायला सांगा आणि सगळ्यांत खालच्या जागी पाणी काढायचा कॉक. गॅसबरोबर वाफ येते, तिचं पाणी पाईपमध्ये साचलं की ज्योत भकभक करते. आमच्याकडे गवंड्याने उतार उलटा दिला होता, भाकरी अर्धी कच्ची अर्धी करपलेली.

थंडीत गॅस कमी येतो. डिसेंबर-जानेवारीत आम्ही शेण कोमट पाण्यात कालवतो, थोडा फरक पडतो. एक सिलिंडर घरात भरलेलं ठेवाच.

संडास जोडायचा का हे घरात आधीच ठरवा. आमच्या सासूबाईंनी साफ नाही म्हटलं, "त्यावर देवाचा नैवेद्य शिजवायचा?" देहूच्या डॉ. मापुसकरांनी आयुष्यभर हेच काम केलं, पुढे मरणोत्तर पद्मश्री मिळाली, हे मी वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, त्यांना नमस्कार, पण माझ्या चुलीला नको. नाही जोडला. शेण आमच्याकडे भरपूर, अडलं नाही.

डाळिंब_आणि_दूध (संगमनेर)

सगळ्यांचे आभार. शेण मोजलं. कोब्यावरचं आणि धारेच्या जागेचं मिळून रोज १६० ते १७० किलो भरतंय. चारशे कुठे आणि हे कुठे. वडील खूश आहेत, "सांगितलं होतं" असं दिवसातून दोनदा ऐकतोय.

आता विचार असा की सहा घनमीटरचा बसवावा, स्वयंपाक आणि मशीन धुण्याचं पाणी. खव्याचं आईने मनावर घेतलंय. दोनच शंका. प्लास्टिकचा फुगा घ्यावा की विटांचा, घुमटाचा दीनबंधू बांधावा? आणि रोजची एवढी स्लरी पातळच असणार, ती डाळिंबाला कशी देऊ? ड्रिप तुंबेल.

जुना_गोठेवाला (नेवासे)

१६० किलोला सहा घनमीटर बरोबर बसतो. शेणाइतकंच पाणी, म्हणजे रोज सव्वातीनशे लिटर काला. चाळीस दिवस आत राहायला हवा, तेव्हा पोटात तेरा हजार लिटर मावेल एवढी टाकी. कोटेशनमध्ये हा आकडा कमी दिसला तर विचारा.

ड्रिपला थेट स्लरी देऊ नका. दोन खड्डे करा, एक भरत असताना दुसऱ्यात पालापाचोळा, उसाचं पाचट टाकून स्लरी मुरवा. ते खत डाळिंबाच्या आळ्यात हाताने घाला. पातळ जास्त झाली तर मुरघासाच्या मक्याला पाटाच्या पाण्यात सोडा, मका मागे बघत नाही.

फुगा की दीनबंधू हे जमिनीवर अवलंबून आहे. फुगा चार दिवसांत बसतो, पण उंदीर, कुत्री आणि ऊन यांपासून जपावा लागतो, वर सावली हवी. दीनबंधू जमिनीखाली असल्याने थंडीत ऊब धरतो आणि लोखंड नसल्याने गंजायला काही नाही. आमच्या जुन्या गोबरगॅसच्या लोखंडी टोपाला दर वर्षी रंग द्यायचो, तरी भोकं पडायचीच. पण खड्डा काळ्या मातीत येत असेल तर काळी पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि डोमला तडा जातो. तडा गेला की गॅस कुठून जातो हे शोधता शोधता म्हातारपण येतं. काळीत बांधायचा असेल तर भोवतीची माती काढून मुरूम भरावा लागतो, आणि गवंडी दीनबंधू आधी बांधलेलाच हवा. साधा घरबांधणीचा नको.

अनुदानाची चौकशी पंचायत समितीच्या कृषी विभागात करा, आणि अर्ज मंजूर झाल्याशिवाय खड्डा खणू नका. तुमची जागा काळीत आहे की मुरमाड?

डाळिंब_आणि_दूध (संगमनेर)

गोठ्यामागे मुरमाडच आहे काका, तीन फुटांवर मांजऱ्या, म्हणजे कच्चा खडक, लागतो. पुढच्या आठवड्यात पंचायत समितीत जाऊन येतो. गवंडी तुमच्याकडचा कुणी माहितीतला असेल तर मेसेज करा.