सिद्दी, सिद्धी, हबशी: कोणता शब्द कुणासाठी?

मूळ प्रश्न

वाचनालयाच्या वार्षिक अंकासाठी एक लेख तपासतेय. विषय आहे भारतात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले आफ्रिकी वंशाचे लोक. लेखकाने एकाच पानावर ‘सिद्धी’, ‘सिद्दी’ आणि ‘हबशी’ असे तिन्ही शब्द वापरलेत. ‘सिद्धी जोहर’ तर सर्रास छापलेलं दिसतं. बरोबर काय? आणि ‘हबशी’ ठेवावा का? मला तो खटकतो, पण जुन्या कागदांत तोच आहे, असं लेखकाचं म्हणणं.

प्रतिसाद १

ताई, ‘सिद्धी’ आधी काढून टाका. संस्कृत सिद्धीशी या शब्दाचा काही संबंध नाही. अरबी ‘सय्यिदी’, म्हणजे ‘माझे धनी’, यावरून ‘सिद्दी’ आला असं सहसा मानतात. जुन्या मराठीत ‘शिद्दी’, ‘सिदी’ अशीही रूपं सापडतात. तेव्हा सिद्दी जौहर.

‘हबशी’ म्हणजे ‘हबश’चा, आजच्या इथिओपियाकडचा. माणसाला नागपुरी किंवा कोल्हापुरी म्हणावं, तसाच मुळात गाव सांगणारा शब्द. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या मुलखाला आपल्याकडे ‘हबसाण’ म्हणत. मलिक अंबरला हबशी म्हटलं तर ते अक्षरशः खरं आहे. इथिओपियात १५४८च्या सुमारास जन्म, मूळ नाव चापू. गुलाम म्हणून एका बाजारातून दुसऱ्या बाजारात विकला गेला, धर्म बदलला, ‘अंबर’ हे नाव मालकाने दिलं. अहमदनगरला त्याला विकत घेणारा निजामशाहीचा पेशवा चंगीजखान, तोही हबशीच. पुढे अंबरने मोगलांना वर्षानुवर्षं दख्खनेत रोखून धरलं, खडकी वसवली (आताचं छत्रपती संभाजीनगर), आणि १६२६ साली वारला. कबर खुलताबादला आहे. नाव, धर्म, भाषा, सगळं वाटेत बदललेल्या या माणसाच्या जन्मभूमीची खूण ‘हबशी’ या शब्दातच उरली आहे. म्हणून इतिहासाच्या लेखातून तो सरसकट उडवू नये असं माझं मत.

प्रतिसाद २

अंबरपुरतं मान्य. पण आज एखाद्या सावळ्या मुलाला वर्गात ‘हबशी’ म्हणतात तेव्हा कुणी इथिओपियाचा भूगोल सांगत नसतं. तो अपमान असतो आणि ऐकणाऱ्याला तो बरोबर कळतो. ज्या समाजाबद्दल लेख आहे, त्यांच्या मुलांनी तो अंक वाचला तर त्यांना काय वाटेल, एवढं तरी पाहा.

शिवाय भूगोलही सगळीकडे लागू पडत नाही. गुजरात-कर्नाटकातल्या बहुतेक सिद्दींचे पूर्वज पूर्व आफ्रिकेच्या किनारपट्टीकडून आलेले. गीरजवळच्या जांबूरचे सिद्दी ज्या नाचाला ‘गोमा’ म्हणतात तो शब्द स्वाहिलीतल्या ‘न्गोमा’वरून, म्हणजे ढोल. सिद्दींचे पीर बावा गोर यांच्या गाण्यांमध्येही स्वाहिली शब्द टिकून आहेत. भाषा गेली, घरात गुजराती आली, ढोलाचं नाव मात्र राहिलं. या लोकांना ‘हबशी’ म्हणणं म्हणजे भलत्याच गावचे ठरवणं.

प्रतिसाद ३

मी बेळगावजवळच्या खानापूरकडचा. आमच्या भागात आणि खाली यल्लापूर, हल्याळ, मुंडगोडच्या रानात सिद्दींची वस्ती आहे. पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेल्या गुलामांपैकी जे निसटून घाटावर आले, त्यांचे हे वंशज, असं साधारण मानलं जातं. घरात बोलतात कोकणी, त्यात मराठी आणि कन्नड मिसळलेली. आमच्याशी बोलताना अडत नाही.

लेखात एक गोष्ट जरूर यावी. यांच्यात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती तिन्ही आहेत. सणवार वेगळे, पण ‘सिद्दी’ हे आडनाव म्हणून तिघेही लावतात. दुसऱ्यांनी दिलेला शब्द, पण आता तोच त्यांना एकत्र बांधतो. २००३ साली उत्तर कन्नडमधल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला तोही याच नावाने. २०२०मध्ये शांताराम सिद्दी कर्नाटकच्या विधान परिषदेवर गेले, तेव्हा आमच्याकडच्या सिद्दी घरांत झालेला आनंद मी पाहिला आहे.

बायका जुन्या लुगड्यांची ‘कवंदी’ शिवतात. आपली वाकळच, पण शिवण्याची तऱ्हा निराळी. कडेपासून टाके घालायला घेतात आणि गोल गोल फिरत मध्याकडे येतात. चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या चिंध्यांची ‘फुलं’ लावल्याशिवाय कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत. बाहेरचे अभ्यासक येऊन विचारतात, यात आफ्रिकेचं काय? मी ऐकलेलं उत्तर असं: ‘आमची आज्जी अशीच शिवायची.’ त्यांना आपली ओळख आज्जीपर्यंत पोचलेली पुरते. आफ्रिका हवी की नको, हे त्यांचं त्यांनी ठरवावं. आपण ती त्यांच्या गळ्यात बांधू नये.

मूळ प्रश्नकर्ती

दादा, फार मोलाचं सांगितलंत. एक शंका. लेखाच्या शेवटी पुण्यात शिकायला आलेल्या आफ्रिकी मुलांचा उल्लेख आहे. त्यांनाही ‘सिद्दी’ म्हटलंय.

प्रतिसाद २

ते चूक. सुदानची मुलगी सुदानी, केनियाचा मुलगा केनियन. देश माहीत नसेल तर ‘आफ्रिकी विद्यार्थी’ लिहा. ‘निग्रो’ अजिबात नको.

आणि एकच शब्द जागा बदलली की कसा बदलतो, पाहा. पाकिस्तानात याच लोकांना ‘शीदी’ म्हणतात. श्रीलंकेत पुत्तलमजवळ आफ्रिकी वंशाचे लोक स्वतःला ‘काफिर’ म्हणवतात, त्यांना त्यात कमीपणा वाटत नाही. तोच शब्द दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी शिवी आहे. म्हणून कोश उघडण्याआधी त्या माणसांना विचारावं.

प्रतिसाद १

हे पटलं. एक भर घालतो. मराठी वाचकाला ‘सिद्दी’ म्हटलं की जंजिरा आणि पन्हाळ्याचा वेढाच आठवतो. पण १६६०च्या त्या वेढ्यात बाहेरून जौहरवर चालून गेलेल्या शिवरायांच्या फौजेतही सिद्दी हिलाल होता, त्याचा मुलगा जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. तेव्हा सत्ताधीशाबद्दल लिहिताना नुसतं ‘सिद्दीने’ न लिहिता ‘जंजिऱ्याच्या सिद्दीने’ असं लिहावं. नाहीतर यल्लापूरच्या रानातला माणूस उगाच त्या वैरात ओढला जातो.

मूळ प्रश्नकर्ती

ठरलं मग. समाजासाठी सगळीकडे ‘सिद्दी’. ‘हबशी’ फक्त मलिक अंबरच्या परिच्छेदात, अर्थ देऊन. कवंदीबद्दल मात्र लेखकाने एक ओळही लिहिलेली नाही. प्रतिसाद ३मधल्या दादांनी तेवढा मजकूर लिहून दिला तर चौकटीत छापते.