आवडतं सेंट कंपनीनं बंदच केलं. उरलेलं लावू का ठेवू?

परभणीच्या_बाई
नमस्कार मंडळी. प्रश्न वाचून हसाल. हसा.

संभाजीनगरला बीएड करत होते तेव्हापासून माझं एकच सेंट. शिकवणीच्या पैशातून गुलमंडीवरच्या एका जनरल स्टोअरमधून घेतलं होतं. नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर सगळे लिंकाच टाकत बसतील. मारलं की आधी संत्र्याच्या सालीचा झणका, मग पांढऱ्या फुलांचा वास, आणि शाळा सुटेपर्यंत ओढणीला ओल्या लाकडाचा वास तेवढा उरायचा. तो शेवटचा मला सगळ्यात प्रिय. वर्गातल्या पोरी मान वर न करता ओळखायच्या, बाई आल्या म्हणून.

आता दुकानदार म्हणतोय, माल येणंच बंद झालंय. कंपनीच्या साइटवरूनही नाव गायब. ऑनलाइन एक-दोघं 'जुना स्टॉक' म्हणून तिप्पट भाव लावायलेत. नवरा म्हणतो, "दुसरं घे की, सेंटच तर आहे." सासूबाईंनी जन्मात पावडरीपलीकडं काही लावलं नाही, पण परवा त्याच म्हणाल्या, "आजकाल तुझा वास येईना गं."

बाटलीत पाव भाग उरलाय. झाकण काढते, हुंगते, परत ठेवून देते. लावावं का लग्नकार्यापुरतं राखावं? आणि तसलंच दुसरं मिळायचा काही मार्ग?

जालनेकर
ताई, आधी सांगा, बाटली ठेवलीय कुठं?

परभणीच्या_बाई
लोखंडी कपाटात, वरच्या कप्प्यात. कपाट पश्चिमेच्या भिंतीला आहे.

जालनेकर
म्हणजे मे महिन्यात रोज भाजून निघतंय ते! बाहेर 42-43 अंश असताना त्या कपाटात काय होत असेल बघा. सेंटाला ऊन, उजेड आणि हवा तिन्ही वैरी. त्यात पाव बाटली सेंट म्हणजे पाऊण बाटली हवा झाली. फ्रान्समध्ये व्हर्सायला ऑस्मोथेक म्हणून सुगंधांचा संग्रह आहे, 1990 सालचा. बंद पडलेली सेंटं ते लोक 12 अंशांवर, बाटलीत आर्गॉन वायू सोडून ठेवतात. इतके लाड केले तर टिकतं. आपल्याकडं लाइट गेली की फ्रिज कोमट.

राखायचंच असेल तर काचेच्या बारक्या स्प्रे बाटलीत गळ्यापर्यंत भरा. प्लास्टिकची नको. घरातल्या सगळ्यात गार, अंधाऱ्या खोलीत खालच्या फडताळात ठेवा. आणि संत्र्याचा झणका आंबूस लागला तर लगेच फेकू नका. वरचा हलका वास आधी बिघडतो. मनगटावर मारून पंधरा मिनिटं थांबा, खालचा बऱ्याचदा शाबूत असतो.

जुन्या स्टॉकवाल्याला खोक्याच्या आणि बाटलीच्या बुडावरच्या बॅच नंबरचा फोटो मागा. दोन्ही जुळंना तर विषय सोडा.

माजलगावचा_भाचा
लावून टाका बघा. माझ्या आत्याला दुबईहून आलेलं सेंट होतं, पोरीच्या लग्नाला लावीन म्हणून ट्रंकेत ठेवलं. लग्नात काढलं तर चहासारखं काळं झालेलं, वास निव्वळ स्पिरिटचा. आत्या पोरीच्या पाठवणीला रडली का सेंटाला, आम्हाला आजवर कळलं नाही.

शहागंज_सुगंधी
मी सेंटच्या काउंटरवर बरीच वर्षं काढलीत, म्हणून सांगतो. खोकं असेल तर बारीक अक्षरातली घटकांची यादी वाचा. 'ब्युटिलफिनाइल मिथाइलप्रोपिओनल' लिहिलंय का? त्याला लिलिअल म्हणतात. पांढऱ्या फुलांचा साबणी वास त्यानं यायचा. युरोपात 1 मार्च 2022 पासून सौंदर्यप्रसाधनांत त्याला बंदी आहे, प्रजननक्षमतेला धोका म्हणून. काही कंपन्यांनी कृती बदलली, काहींनी मालच बंद केला. तुमचं त्याच्यामुळंच गेलं असं छातीठोक नाही सांगत. खप नसला तरी बंद करतात. पण यादीत असेल तर हुबेहूब तसलं पुन्हा निघायची आशा धरू नका.

ओल्या लाकडाचा म्हणता तो वास मात्र बहुतेक वाळ्याचा. परदेशी सेंटांत तो तळाला फार वापरतात. संभाजीनगरला शहागंज-सिटी चौकाकडच्या अत्तरवाल्यांकडं खस, म्हणजे वाळ्याचं अत्तर, मागा आणि मोगरा वेगळा मागा. अत्तरांसाठी नावाजलेल्या कन्नौजचा असेल तर उत्तम. बेस कशाचा ते विचारा: चंदनाच्या तेलातलं महाग पडतं, पॅराफिनमधलं स्वस्त, पण ते अंगावर फुलत नाही. 'अमक्या ब्रँडसारखं' लिहिलेल्या बाटल्या घेऊ नका. अर्ध्या तासात नुसता गोडवा उरतो.

परभणीच्या_बाई
खोकं सापडलं. यादीत ते नाव आहे, शेवटून तिसरं. दोन मिनिटं राग आला, मग वाटलं, बरं झालं कारण तरी कळलं.

आज शाळेत लावून गेले. संत्रं गेलंय, लाकूड आहे. राखत बसत नाही आता. दिवाळीच्या सुट्टीत संभाजीनगरला येणं आहे, तेव्हा खस बघते. माप कसं असतं, एमएल का तोळा?

शहागंज_सुगंधी
तोळ्यावर. साधारण 12 एमएल समजा. आधी पाव तोळाच घ्या, दोन्ही वेगळ्या कुप्यांत. मनगटावर खस खाली, मोगरा वर, एकेक टिपका. ओढणीला लावू नका हं बाई, तेलाचा डाग जात नाही.