नाक न कापता माघार घेऊ द्यावी का? (क्यूबा, १९६२)

उंबरकर

ऑक्टोबर १९६२ म्हटलं की आपल्याला चीन आठवतो. २० तारखेला चीनने हल्ला केला, मग यशवंतराव दिल्लीला गेले, सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला वगैरे. पण रशियाने अमेरिकेच्या दाराशी क्यूबात अण्वस्त्रांची क्षेपणास्त्रं नेऊन ठेवली होती, त्यावरून नेमक्या त्याच आठवड्यात अमेरिका आणि रशिया अणुयुद्धाच्या तोंडाशी उभे होते, आणि तिथे मात्र युद्ध टळलं. का टळलं, यावरून परवा एका मित्राशी तासभर वाजलं, म्हणून हा धागा.

मित्र म्हणतो, अमेरिकेचा अध्यक्ष केनेडीने डोळे वटारले आणि रशियाचा प्रमुख ख्रुश्चेव्हने शेपूट घातली. मला वाटतं, केनेडीने त्याला परतायला वाट ठेवली आणि त्या वाटेचे पैसेही स्वतःच मोजले.

क्यूबाकडे जाणारी जहाजं अडवायचं ठरलं, पण 'नाकेबंदी' हा शब्दसुद्धा केनेडीने टाळला, कारण नाकेबंदी म्हणजे कायद्याने युद्धाचीच कृती. म्हणून 'क्वारंटाइन'. (कोविडनंतर हा शब्द समजावून सांगायची गरज उरली नाही.) २४ला अमेरिकन नौदल वाट अडवून उभं राहिलं, पण 'बुखारेस्ट' हे रशियन तेलवाहू जहाज त्यांनी जाऊ दिलं. २६ला ज्यावर चढून तपासणी केली ते 'मारुक्ला' रशियाने भाड्याने घेतलेलं, पण नोंदणी लेबनॉनची. धाक दाखवून झाला आणि रशियन झेंड्याला हातही लागला नाही!

२७ला क्यूबावर अमेरिकेचं यू-२ हे टेहळणी विमान पाडलं गेलं, वैमानिक मेजर अँडरसन मारला गेला. अमेरिकेचे सेनाधिकारी हल्ल्यासाठी अडून बसलेले. त्या संध्याकाळी अध्यक्षांचा भाऊ रॉबर्ट केनेडीने रशियन राजदूत डोब्रिनिनला बोलावून सांगितलं: तुर्कस्तानातली आमची ज्युपिटर क्षेपणास्त्रं चार-पाच महिन्यांत काढतो, पण याची वाच्यता नको. दुसऱ्याच दिवशी रेडिओ मॉस्कोवर माघार जाहीर झाली. हा सौदा लिहिलेलं पत्र डोब्रिनिन घेऊन आला, तर रॉबर्टने ते परत केलं. कागदावर काहीच नको. १५ ज्युपिटर एप्रिल १९६३ पर्यंत गुपचूप निघाली.

आमच्या गावी आजोबा आणि चुलत आजोबांचं बांधावरून असंच झालं होतं. तीन फुटांची जागा, प्रकरण कुऱ्हाडीपर्यंत गेलेलं. कोर्टात दोघांचंही आयुष्य जाईल हे दोघांनाही कळत होतं, पण आधी मागे कोण सरणार? शेवटी सरकारी मोजणी मागवली. हद्दीच्या खुणा रोवल्या गेल्या आणि चुलत आजोबा मरेपर्यंत पारावर सांगत राहिले, "मी नाही सोडली, मोजणीत गेली." क्यूबाच्या वेळी हे मोजणीचं काम यू थांट यांनी केलं. जहाजं लांब ठेवा म्हणून केनेडीने सांगितलं आणि आपण ऐकलं, असं ख्रुश्चेव्हला म्हणता येत नव्हतं. संयुक्त राष्ट्रसंघाच्या हंगामी सरचिटणीसाच्या, म्हणजे थांट यांच्या, आवाहनाला मान दिला, असं म्हणता येत होतं.

तिरकस तात्या

उंबरकर, मोजणीची गोष्ट झकास. पण तुमच्या चुलत आजोबांना पारावर बोलता तरी येत होतं. ख्रुश्चेव्हला जे मिळालं ते सांगायचंच नाही, अशी अट! म्हणजे नाक वाचलं ते केनेडीचं. क्षेपणास्त्रं परत नेताना रशियन खलाशांना डेकवरच्या ताडपत्र्या सारून ती वरून घिरट्या घालणाऱ्या अमेरिकन विमानांना दाखवावी लागली. ४२ नग, मोजून घ्या. ऑक्टोबर १९६४ मध्ये त्यालाच त्याच्या लोकांनी घरी बसवलं. याला मानाची माघार म्हणत असाल तर तुमचा मान तुम्हाला लखलाभ.

उंबरकर

ताडपत्र्यांचं खरंय, तात्या. पण एक गोष्ट उघडपणे मिळाली होती: क्यूबावर चढाई करणार नाही, हा शब्द. 'क्यूबा वाचवायला गेलो होतो, क्यूबा वाचला,' हे त्याला मॉस्कोत सांगता आलं. पोकळ असेल, पण सांगता आलं.

रेवा_ठाणे

आणि ज्याला 'वाचवलं' त्या क्यूबाच्या कॅस्ट्रोला कोणी विचारलं? त्याला ही बातमी इतरांसारखी रेडिओवरून कळली. संतापला होता तो. बांधाच्या भांडणात बांधालाच विचारायचं नसतं, तसं.

माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. तुर्कस्तानच्या बदल्यात क्यूबा, हे केनेडीच्या बैठकीत अमेरिकेचा संयुक्त राष्ट्रसंघातला राजदूत ॲडलाय स्टीव्हन्सन आधीच म्हणाला होता. डिसेंबरमध्ये एका साप्ताहिकाने छापलं की त्याला म्यूनिक हवं होतं, म्हणजे १९३८ला हिटलरपुढे चेंबरलेन नमला तसं. स्वतः तेच करून बसलेले केनेडी बंधू त्याला वाऱ्यावर सोडून गप्प राहिले. रॉबर्टचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १९६९ला आलं, त्यातही सौदा स्पष्ट लिहिलेला नव्हता. तो मजकूर आपण गाळला, हे संपादक सोरेन्सनने १९८९ मध्ये मॉस्कोत कबूल केलं. तोवर अमेरिकेतली एक अख्खी पिढी 'ठाम राहिलं की समोरचा वाकतो' एवढंच शिकली आणि तेच घेऊन व्हिएतनामात उतरली. एक युद्ध टाळायला बोललेलं खोटं पुढच्या युद्धाचं बी होऊ शकतं, हे तुमच्या हिशेबात कुठे धरलंय?

जुना_वाडा

रेवाताई, २७च्या शनिवारी रात्री समोर अणुबॉम्ब असताना व्हिएतनामचा हिशेब कोण करणार? आधी रविवार उजाडू दे.

मला वेगळी शंका आहे. आज असं गप्प बसणं जमेल का? मला वाटतं, जमतं. ३ जानेवारी २०२० ला अमेरिकेने इराणचा सेनापती सुलेमानीला मारलं. ८ला इराणने इराकमधल्या ऐन अल-असद तळावर क्षेपणास्त्रं सोडली, पण इराकच्या पंतप्रधानांना आधी कळवून. अमेरिकेचा एकही सैनिक मेला नाही. तेहरान म्हणालं सूड घेतला, ट्रम्प म्हणाले इराण मागे सरकतोय. दोघंही आपापल्या घरी जिंकले. आपल्याकडे २०१९ मध्ये बालाकोटनंतर काय वेगळं झालं? अभिनंदन परत आला, त्याला त्यांनी शांततेचा हात म्हटलं, आपण दबावाचा परिणाम म्हटलं. दोन्हीकडच्या चॅनलवर विजयच.

रेवा_ठाणे

त्याच ८ जानेवारीला पहाटे तेहरानहून उडालेलं युक्रेनचं प्रवासी विमान इराणच्याच हवाई संरक्षण दलाने पाडलं. १७६ माणसं गेली. ठरवून केलेल्या लुटुपुटुच्या लढाईत तोफखान्यावर बसलेल्या पोराला ती लुटुपुटुची आहे हे कोणी सांगितलेलं नसतं.

जुना_वाडा

याला उत्तर नाही माझ्याकडे.

तिरकस तात्या

उंबरकर, एक राहिलंच. मोजणीची फी कोणी भरली?

उंबरकर

निम्मी-निम्मी, असं दोन्ही घरांत सांगितलेलं होतं. आजोबा गेल्यावर त्यांची हिशेबाची वही चाळली, तर सगळी त्यांनीच भरलेली.

रेवा_ठाणे

म्हणजे खोटंच बोलले की.